हिरव्या काठाची बशी

सोलापूर,
२० जानेवारी २०२५, सोमवार

ताई,

जय भीम. आधी वाच, मग फाड.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला आज बावीस दिवस झालं. किराणावाल्याच्या फोनवरनं लावला तर "पत्र लिही, पत्रात आवाज बदलता येत नाही" म्हनून ठेवून दिलास. मग घे की आता. बारावी नापास मानसाचं पत्र हाय, चुका काढत बसू नको.

मान्य हाय, चुकलं माझं. फोनवर तुज्या दवाखान्यातल्या मेट्रन मॅडमचा आवाज काढून "उद्या जेऊरला शिबिर आहे, सकाळी आठला हजर राहा" असं म्हनायला नको हुतं. पन तू एक प्रश्न न इचारता पयल्या एस्टीनं जेऊरला जाशील असं मला सपनात सुदिक वाटलं न्हवतं. एवढी हुशार तू, औषधाची बाटली तीनदा वाचून बघतीस, आन् हितं अशी कशी फसलीस? तेच मला अजून कळंना झालंय.

बरं, कामाचं. खोलीवाल्यानं सांगितलंय, मार्चअखेर रिकामी करा. आईला जाऊन अडीच म्हैनं झालं, तवापासनं तिची ट्रंक उघडायचं मी टाळत हुतो. आज उघडली. भीमाआजोबांना मिलच्या सायबाच्या बायकोनं जाताना दिलेला चहाचा सेट, अजून तसाच. एक एक कप आईच्या जुन्या पातळाच्या पट्टीत गुंडाळलेला. कप इतका पातळ की उजेडात धरला तर पलीकडनं माझी बोटं दिसत्यात. एकात चहा करून पिला. सायेब झाल्यावानी वाटलं, तवर जीब भाजली.

ठिवायचं का इकायचं? माज्या नव्या खोलीत मी एकटा मावीन का न्हाय त्याचीच शंका हाय.

तुजा नालायक,
सुमित


बार्शी,
२४ जानेवारी

सुम्या,

जय भीम. पत्र दोनदा वाचलं. एकदा वाचायला आणि एकदा त्यात काय खोडी लपवलीयस ते शोधायला. सापडली नाही, म्हणून जास्त भीती वाटतेय.

विकायचं. माझ्याकडे एक कॉट आणि अर्धं कपाट आहे, बाकीचं अर्धं दुसऱ्या सिस्टरचं. आजोबांनी मेमसाहेबाचा सेट आईला दिला, आईनं जन्मभर जपला, आता आपल्यात जपणारं कोणी नाही. खरं ते खरं.

आधी मोजून घे. कपाला कान नसेल, कडेला टवका असेल ते वेगळं काढ. गरम पाण्यात घालू नको. आणि गल्लीतल्या बायकांना सांगून ठेव. तो सेट काही आपल्या एकट्याचा नव्हता. मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की सगळी गल्ली आईकडेच यायची की. आणि परत करताना कोणी रिकामा करत नसे. एका कपात साखर, नाहीतर शेंगाची चटणी घालूनच यायचा. तू ती बोटानं खायचास.

जेऊरचं नाव पत्रात पुन्हा काढू नको.

धम्मप्रिया


सोलापूर,
२९ जानेवारी

ताई,

जय भीम. जे नाव काढायचं न्हाय ते काढलं न्हाय, बघ.

मोजलं. कप बारा. किटली एक, तिच्या तोंडाला टवका. दुधाचं भांडं, साखरेचं भांडं. सगळं पांढरं, कडेला बारीक निळी रेघ. आन् बशा अकरा. बारावी बशी हाय, पन ती ह्यातली न्हवंच. जाड, टपरीवर असतीय तसली, हिरव्या काठाची. बारशात पांढऱ्या शर्टावाल्यांच्या फोटोत मी उभा ऱ्हातो ना, तशी ती दिसतीय.

जुन्या वस्तूंचं दुकान असलेलं पंचाक्षरीअण्णा येऊन बघून गेलं. चष्मा कपाळावर, एक एक कप नखानं वाजवून कान लावून ऐकत्यात, डाक्टरवानी. मी म्हटलं, "अण्णा, नाडी लागती का?"

"थांब रे. माल चांगला हाय की. पन अकरा बशा म्हंजे काय, दात पडलेलं तोंड. बारावी घावू दे, मग बोलू."

मी म्हटलं, हिरवी हाय की. त्यांनी ती उचलून पायली, आन् माज्याकडं असं पायलं की माजी शाळाच आठवली.

आता मेन गोष्ट. काल आईच्या झंपराच्या कापडांचं गाठोडं सोडलं, तर मधोमध, सहा कापडांत गुंडाळलेली, बारावी बशी! निळ्या रेघंची, असलच. एक टवका न्हाय. म्हंजे सेट कवाच अपुरा न्हवता. आईनं चांगली बशी लपवली आन् तिच्या जागी मुद्दाम ही हिरवी ठिवली. का? आई तर चमचा हरवला तरी गल्ली डोक्यावर घ्यायची.

तुला म्हाईत हाय का काय? डोक्यात किडा वळवळायलाय. जेवताना सुदिक त्योच इचार.

सुमित


बार्शी,
२ फेब्रुवारी

सुम्या,

मला माहीत नाही. असेल काहीतरी. सेट पुरा झाला ना? दे विकून.

त्या हिरव्या बशीबद्दल मला विचारू नको. पाच वर्षांपूर्वी आशिष मला बघायला आला, तेव्हा त्याच्यापुढे मी हीच बशी ठेवली होती, आणि तिच्यावरच्या कपात तू मीठ घातलंस. त्यानं अर्धा कप एक शब्द न बोलता पिला. त्याच्या मामानं त्याचं तोंड बघून कप हिसकावला, घोट घेतला आणि थुंकला. पुढचं तुला माहीत आहे. "पोरीला आम्ही नको होतो तर तसं सांगायचं होतं," म्हणून सगळे उठून गेले. तू मोरीपाशी उभा राहून हसत होतास.

आईनं तुला साधी एक चापट मारली नाही. मला त्याचं जास्त लागलं. ते मी तिला कधी विचारलं नाही आणि आता विचारायला ती नाही.

टाकून दे ती बशी.

धम्मप्रिया


सोलापूर,
१० फेब्रुवारी

ताई,

जय भीम. तुजं पत्र वाचून आठ दिवस लिवायला बसलोच न्हाय. लिवायला घेतलं की हात खाजवायचा. त्या चहाबद्दल मला कायतरी सांगायचं हाय, पन मी कुनालातरी शब्द दिलाय. ऱ्हाऊ दे.

पंचाक्षरीअण्णा सेट घ्यायला तयार हाईत. बारा बशा बघून त्येंनी चष्मा कपाळावरनं नाकावर घेतला. २४ तारखेला टेम्पो घिऊन येनार. हिरवी बशी तू म्हनलीस तशी टाकनार हुतो, पन बिभीषन चहावाल्यानं मागितली, सुटं पैसं ठिवायला. दिली.

तवर शेवटचं एक गिऱ्हाईक झालं. समोरची राजश्री आठवती का? आता मोठी झालीया. युनिफॉर्मच्या कारखान्यात शिवायला जाती आन् पोलीसभरतीसाठी पहाटं ग्राउंडवर पळती. काल तिला बघायला मोडनिंबचं पाव्हनं येनार हुतं. परवा सेट न्यायला आली. मी एकदम ऐटीत बशांची चळत म्होरं ठिवली. "घे, बाराच्या बारा सारख्या! तुज्या नशिबानं सेट पुरा झाला."

तिनं बशा एक एक खालवर केल्या. मग म्हनती, "हिरवी कुटाय?"

"मांजराला दिली."

ती हसली न्हाय. पुन्ना इचारलं, "सुमितदादा, मस्करी नको. हिरवी कुटाय?" मी म्हटलं, अगं ती भंगार हुती, पाव्हन्याम्होरं काय ठिवतीस. तिचं तोंड असं पडलं की मला वाटलं हिला चक्करच येती. ट्रे उचलून गेली.

पाव्हन्यांना पोरगी पसंत. तिच्या पप्पांनी पेढं वाटलं. आज सेट परत आला, आन् ताई, रिकामा. साखरंचा दाना न्हाय. दारात ठिवला आन् गेली. आपल्या गल्लीत असं कवा झालं नव्हतं. मला कायतरी चुकल्यावानी वाटायलंय, पन काय ते कळंना.

सुमित


बार्शी,
१३ फेब्रुवारी

सुम्या,

खरं सांग, चहात काय घातलंस? की बशीला काही लावलंस? राजश्रीसारखी पोरगी उगाच रिकामी भांडी परत करणार नाही. तुझ्याकडे कोणी वस्तू मागायला आलं की तुला शिवशिवतंच. लग्न ही चेष्टेची गोष्ट नाही हे तुला किती जणींनी सांगायचं?

अनसूयामावशीकडे जा. आई गेल्यावर गल्लीतलं सगळं तिलाच माहीत. तिच्या पाया पड, काय केलंस ते कबूल कर, आणि राजश्रीची माफी माग.

धम्मप्रिया


सोलापूर,
१५ फेब्रुवारी

ताई,

या टायमाला मी कायसुदिक केलं न्हवतं. आन् तेच वाईट झालं.

अनसूयामावशी शेंगा निवडत बसली हुती. मी हिरव्या बशीचं इचारलं तर सूप बाजूला ठिवून दार लावून घेतलं.

"कुनाला दिलीस?"

"बिभीषनला."

"मुडद्या! तीस वर्सं त्या बशीनं पोरी वाचवल्या, आन् तू चिल्लर ठिवायला दिलीस?"

ऐक आता. ज्या पोरीला पोरगा पसंत न्हाय, आन् घरात बोलायची सोय न्हाय, तिनं सेट न्यायचा आन् हिरवी बशी पोराच्या म्होरं ठिवायची. बास. आई पाव्हन्यांत बसायची, तिची नजर ट्रेवर. हिरवी दिसली की पुढचं ती बघायची. कुनाच्या मामाला मानपानावरनं डिवचायची, कुनाच्या कंपनीत फोन लावून खरा पगार हुडकून काढायची. लग्न मोडायचं, पन पोरीचं नाव कदीच मदी आलं न्हाय. मावशी म्हनती सात पोरी. सगळ्या बायकांना ठाव, बापयमानसांत एकालाबी न्हाय. म्हनून आईनं असल बशी लपवली हुती. सेट अपुरा पायजेच हुता.

राजश्रीला ह्यो पोरगा नको हुता, ताई. "लगीन झाल्यावर ते पळनं-बिळनं बंद" असं ते आधीच फोनवर म्हनलं हुतं. तिचं फिजिकल तोंडावर आलंय. ती बशी न्यायला आली, आन् मी मांजराचं नाव सांगितलं. पुढच्या रविवारी, तेवीसला साखरपुडा हाय.

आता मला शब्द मोडायलाच पायजे. आशिषच्या चहात मीठ मी घातलं, पन मला आईनं सांगितलं हुतं. ट्रे बाहीर नेताना मला मोरीपाशी वढून म्हनली, "हिरव्या बशीवरच्या कपात दोन चमचे मीठ घाल. कुनी इचारलं तर खोडी केली म्हन. तुजं कोन मनावर घेत न्हाय. आन् धम्मूला कदीच सांगू नको, लाजंल ती." मला कारन कळलं न्हवतं. मी हसत हुतो ते भ्यालो हुतो म्हनून.

आता कारन कळलं. तुला त्यो नको हुता. मग पाच वर्सं माज्यावर का चिडलीस? नको हुता म्हनूनच हिरवी ठिवलीस ना?

फोन चालू कर. मला रविवारचं काय करावं सुचंना. मीठ घरात हाय.

सुमित


बार्शी,
२० फेब्रुवारी

सुमित,

आमचा वॉर्डबॉय सोलापूरला निघालाय, त्याच्या हाती देतेय. फोन करणार होते. नंबर काढलासुद्धा, पण हे मला बोलता आलं नसतं.

मला माहीत नव्हतं. मी तीन वर्षं नर्सिंगच्या हॉस्टेलला, गल्लीतल्या पोरींच्या कानगोष्टी माझ्यापर्यंत कुठून येणार? आईला वाटलं असेल, सगळ्यांना ठाऊक आहे तर हिलाही असणारच. आणि स्वतःच्या पोरीला काय सांगायचं, ती तर तोंडानंच बोलेल.

अकरा बशा सारख्या होत्या. त्याला वेगळी द्यावी वाटली. एवढंच.

पाच वर्षं तुझ्यावर चिडून काढली, ते सोपं होतं. आता कुणावर चिडू? आई माझं भलं करायला गेली. तूही सांगितलं ते केलंस. त्यानं अर्धा कप गप पिला. आमच्यात कोणीच काही बोललं नाही.

तू विचारत होतास ना, मी अशी कशी फसले? तू जेऊर म्हणालास म्हणून. तो तिथे रेल्वेत आहे. स्टेशनवर जाऊन तासभर बाकावर बसले आणि परत आले. शिबिर नाही हे मला एस्टीतून उतरल्यावर दहा मिनिटांत कळलं होतं.

आता रविवारचं. मीठ घेऊन जाऊ नको. बशीपण नको. त्या मुक्या बशीवर विसंबून आईसारखी आई चुकली. राजश्रीला तोंडानं विचार, आणि ती सांगेल ते तोंडानं सांग. तुझी भीती वाटते मला, पण या वेळी तुझ्याशिवाय तिथे कोणी नाही.

ताई


सोलापूर,
२५ फेब्रुवारी

ताई,

जय भीम. तुजं पत्र वाचून कारखान्याच्या गेटावर जाऊन उभा ऱ्हायलो. राजश्री सुटली. तोंडानं इचारलं.

"तुला लगीन करायचंय का?"

"आता इचारतोस? बशी चिल्लरला देऊन?"

"बशी सोड. तुला करायचंय का न्हाय?"

ती रस्त्याकडं बघत म्हनली, "न्हाय. पन पप्पांनी हॉल बघितलाय, मला बोलायचं हुईना. तू बशी आन. मला बशी पायजे."

तू नको म्हनलीस, पन तिनं मागितली की. बिभीषनकडं गेलो, तर त्यानं डबा म्होरं केला. बशीचं दोन तुकडं. "शनिवारी गिऱ्हाइकाचा हात लागला." चिकटवून घेतली, मधनं भेग तशीच दिसत हुती.

रविवारी साखरपुड्याआधी चहा. मोडनिंबची मंडळी बसलेली. सेट घिऊन मीच गेलो, म्हटलं मी चहा वाटतो, सेटची शेवटची फेरी समजा. राजश्रीनं ट्रे भरला. हिरवी बशी तिनं सोता उचलली आन् नवऱ्या मुलाच्या म्होरं ठिवली. माजा खिसा रिकामा हुता. आईशप्पथ, मीठ न्हवतं.

बायकांनी पायलं. अनसूयामावशीनं पायलं. सगळ्याजणींचा चहा थांबला. आन् ताई, तवा कळलं, आईची जागा रिकामी हाय. सगळ्या एकमेकींकडं बघत्यात, कोन उठंना. पाव्हनं फू फू करून पित्यात.

मी म्हटलं, "काका, एकदा राजश्रीला इचारा की, तिला करायचंय का."

तिचं पप्पा असं उठलं! "सुम्या, भायेर हो. भैनीच्या चहात मीठ घातलंस, आता माज्या पोरीचं वाटोळं करायला आलास?"

"काका, खरंच सांगतोय."

"तू कवा खरं बोललास रं? मागच्या गड्ड्याच्या यात्रेत मला लॉटरी लागली म्हनून कुनी सांगितलं हुतं?"

सगळी हासली. मोडनिंबची सुदिक. त्यांनी माजी कॉलर धरली, दाराकडं ढकलत नेलं. लॉटरीचं मीच सांगितलं हुतं.

तेवढ्यात मागनं आवाज आला. "पप्पा, सोडा त्याला. सुमितदादा खरं बोलतोय."

ती ट्रे धरून उभी हुती. "मला आत्ता लगीन करायचं न्हाय. ह्यांच्यात काय वाईट न्हाय. मला भरतीला उतरायचंय."

पप्पा म्हनलं, "मग आधी का बोलली न्हाईस?"

"तुमी इचारलंच कवा?"

मुलाची आई म्हनाली, "अगं, एवढं बसवून मग सांगायचं?" मुलगा त्या भेगाळलेल्या बशीकडं बघत हुता. हळूच म्हनला, "आत्ता सांगितलं ते बरं केलं." चहा सगळा संपवून उठला. तिचं पप्पा अजून तिच्याशी बोलत न्हाईत. अनसूयामावशी रोज जाऊन बसती तितं. पन काल पहाटं राजश्री पळायला गेली, म्या सोता पायली, आन् तिचं पप्पा सायकल घिऊन ग्राउंडच्या कडंला उभं हुतं. पाठ करून, पन उभं हुतं.

सेट परत आला. किटलीत शेंगाची चटणी, तोंडापातूर. सगळी बोटानं खाल्ली. पंचाक्षरीअण्णांनी काल बाराच्या बारा बशा नेल्या. किटली हुंगून म्हनलं, "ह्यात लसूनाचा वास कसला रे?" तुज्या वाटनीचं पाठवायला बँकेचा नंबर कळव.

ही हिरवी तुला पाठवतोय, एस्टी पार्सलनं. अण्णांनी घितली न्हाय, आन् टाकायला माजा हात हुईना. तू फोड, न्हायतर ठिव. तुजीच हाय. आईनं पाच वर्सं मला शिव्या खाऊ दिल्या, त्याबद्दल मी तिच्यावर चिडलो न्हाय. तुला त्यो आवडला हुता हे कळल्यापासनं मात्र झोप लागंना.

रिकामी पाठवायची न्हाय म्हनून संगट शेंगा हाईत.

सुमित


बार्शी,
८ मार्च

सुम्या,

जय भीम. पार्सल मिळालं. शेंगा वॉर्डात वाटल्या. बशी दोन दिवस उशाशी ठेवली, एकदा फोडायलाही उचलली. मग बघितलं तर ती आधीच फुटलेली आहे.

तुझा नंबर चालू केलाय. तरी पत्र लिहीत जा. फोनवर तू अजूनही खोटं बोलतोस.

पुढच्या रविवारी, सोळाला, जेऊरला शिबिर आहे. खरं. मेट्रन मॅडमना समोर उभं राहून दोनदा विचारलं. माझं नाव यादीत नव्हतं, मी घालून घेतलं. त्याचं लग्न झालं असेल, नसेल. स्टेशन शिबिराच्या दवाखान्यापासून फार लांब नाही. या वेळी बाकावर बसणार नाही, तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन विचारणार आहे.

बशी परत पाठवतेय. माझ्यापेक्षा गल्लीत तिची गरज आहे. पण आता ट्रेमध्ये नको. तुझ्या नव्या खोलीच्या दारात, दिसेल अशी ठेव. जी पोरगी येऊन तिच्याकडे बघत उभी राहील, तिला आत घे आणि आधी विचार.

रिकामी कशी पाठवू? सोबत पुडी आहे. उघडून चाखू नको, मीठच आहे. दोन चमचे.

ताई